शंभर दाणे आणि एक गुडघा

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात स्वतःहून एकही निर्णय घेतला नाही. त्यांचे सगळे निर्णय शंभर दाण्यांनी घेतले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला आम्ही सगळे अंबडला, आणि दाजी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत सुपरवायझर. बियाण्याच्या धंद्यात बी चांगलं की वाईट हे बघायची एक साधी रीत असते. ढिगातले शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, गोणपाटाची वळकटी करून सुतळीने बांधायची आणि सावलीत ठेवून द्यायची. सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. नव्वद उगवले तर बी उत्तम, पन्नास उगवले तर पोतं बाजूला. हे सगळी कंपनीच करायची. फरक इतकाच, की बाकीची मंडळी संध्याकाळी घरी जाताना हे कंपनीतच ठेवून जात आणि दाजी ते घरी घेऊन येत. टीव्ही कुठला घ्यायचा, दाराला निळा रंग द्यायचा की हिरवा, थोरल्या लेकीला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, असा कुठलाही पेच पडला की दाजी दोन वळकट्या बांधत, एकेकीला एकेक पर्याय नेमून देत आणि सात दिवस निवांत होत. आमची भाची आज बँकेत आहे ती केवळ सायन्सच्या वाट्याची ज्वारी मागच्या सालची निघाली म्हणून.

माझ्या बहिणीला बघून गेल्यावर त्यांच्याकडून आठ दिवस निरोप नव्हता. मुलगी पसंत नसावी असं धरून वडील दुसरीकडे चौकशी करायला निघाले होते, तोच पोस्टकार्ड आलं, 'मुलगी पसंत आहे' एवढंच लिहिलेलं. लग्नाला वर्ष झाल्यावर एकदा जेवताना दाजींनी फार मोठं गुपित सांगितल्यासारखं सांगितलं, की वळकटी बांधली होती आणि एकोणनव्वद उगवले होते. ताई खूष होईल असं त्यांना वाटलं असावं. ताईने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि विचारलं, "आन् उरलेल्या अकरा दाण्यांला काय झाल्तं?" हा प्रश्न तिने पुढे संसारभर विचारला. वरणात मीठ कमी पडलं म्हणून दाजींनी नुसतं ताटातून वर बघितलं तरी ती म्हणायची, अकरा दाणे. लेकी मोठ्या झाल्यावर त्याही म्हणायला लागल्या, आणि दाजी मान खाली घालून वरण ओरपायचे.

त्यांचं खरं काम होतं प्लॉट फिरण्याचं. कंपनी शेतकऱ्यांकडून बियाण्यासाठी पीक लावून घ्यायची. त्या शेतात वेगळ्या जातीचं एखादं झाड उगवलं तर सगळ्या बियाण्यात भेसळ होते, म्हणून प्रत्येक ओळ फिरून ते झाड हुडकून उपटावं लागतं. कंपनीने यासाठी त्यांना मोटारसायकल दिली होती. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. दाजींचं म्हणणं असं, की गाडीवरून शेत दिसतं, झाड दिसत नाही. ते एसटीने जायचे, फाट्यावर उतरायचे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून दिवसभर चालायचे. सुटीच्या दिवशी मीही बरोबर जायचो. मी शाळामास्तर, इतिहास शिकवणारा, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि तरी कायम शंभर पावलं मागे. बांध आला की ते तो चढून उतरत नसत. पँट चिमटीत जरा वर धरायची, दोन पावलं जल्दी टाकायची आणि पलीकडे. पन्नाशीला आलेला, चष्मा लावणारा, खिशात दोन पेनं असलेला तो माणूस बांधावरून उडायचा तेव्हा कामावरच्या बायका खुरपी थांबवून बघत. मीही बघायचो. मला त्यांचं कुणाला न सांगता येण्यासारखं कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

भेसळीचं झाड सापडलं की दाजी त्याच्यासमोर क्षणभर उभे राहायचे, दोन्ही हातांनी बुंधा धरायचे आणि म्हणायचे, "तुमचा काही दोष न्हाई. चुकीच्या जागी उगवलात, एवढंच." मग उपटायचे. हे इतकं मनापासून म्हणायचे, की एखाद्या झाडाने स्वतःहून मुळं सोडली असती तरी मला नवल वाटलं नसतं. नजर अशी, की शेताबाहेरही सुटका नाही. एकदा जालन्यात एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी चाळीस माणसांतून एक माणूस बरोबर ओळखला, जो शेजारच्या मांडवातल्या लग्नाला आला होता आणि चुकून आमच्यात बसला होता. दाजी त्याच्याजवळ गेले, वाकले आणि तेच वाक्य त्याच्या कानात म्हणाले. तो बिचारा ताट सोडून उठायला लागला तर त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि वाढप्याला हाक मारून चार जिलब्या वाढायला लावल्या. माणसाला उपटायचं नसतं, असं नंतर मला म्हणाले.

गुडघा गेला तो भोकरदनकडच्या एका ज्वारीच्या प्लॉटमध्ये. नव्वदीच्या दशकाचा शेवट असेल, थंडीचे दिवस, रविवार, म्हणून मीही होतो. बांधाच्या अलीकडून त्यांना पलीकडे एक झाड दिसलं, बाकीच्या कणसांपेक्षा वीतभर उंच. दाजींनी पँट चिमटीत धरली आणि उडी मारली. पलीकडे पाटाचं पाणी नुकतंच फिरवलेलं होतं. डावा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला, अंग त्या झाडाकडे वळलं आणि गुडघा वळलाच नाही. कट्‌ असा आवाज मला बांधाच्या अलीकडे ऐकू आला. मी धावत पोचलो तर दाजी चिखलात बसलेले, चेहरा पांढराफटक, आणि शेतमालकाला बोटाने दाखवत होते, "आधी ते झाड उपटा, मंग मला उचला." शेतमालकाने घाबरून ते झाड उपटलं. दाजींनी बसल्या जागेवरून त्या झाडाचीही माफी मागितली, आणि मगच शुद्ध हरपू दिली.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. पंधरा दिवस अंबडमधल्या प्रत्येक माणसाने येऊन एकेक लेप सांगितला आणि ताईने तो लावला. सूज उतरली, पण पाऊल टाकताना गुडघा आतल्या आत निसटायचा. शेवटी औरंगाबादला नेलं, मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला, आणि डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गुडघ्यातला एक लिगामेंट, म्हणजे दोर, तुटला होता. ऑपरेशन करून नवा दोर घालता येईल. मग गुडघा पक्का होईल, पण रानातल्या उंचसखल जमिनीवर फिरायला आठ-नऊ महिने लागतील. नाहीतर फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम. मांडीचे स्नायू इतके मजबूत करायचे की दोराचं काम त्यांनीच करावं. चार महिन्यांत चालायला लागाल, मात्र वळताना, उडी मारताना गुडघा दगा देणार नाही याची हमी नाही. दाजींनी विचारलं, दोन्हीची उगवण किती टक्के. डॉक्टर हसले आणि म्हणाले, तुम्हाला आयुष्यात पुढे काय करायचंय त्यावर आहे, तुम्हीच ठरवा. जालन्यात एका तरुण बाईंनी तेव्हा नवीनच व्यायामाचं क्लिनिक काढलं होतं, त्यांच्याकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं आणि त्याही म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. परत येताना एसटीत दाजींनी दोघांचे कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "दोघंबी शहाणे हैत, दोघंबी खरं बोलून राह्यले. वाद कुनाशी घालावा?"

वेळही थोडा होता. कंपनीचे साहेब फळं घेऊन भेटायला आले. चांगला माणूस. म्हणाले, पोळ्याच्या आत उभे राहिलात तर तुमचे प्लॉट तुमचेच, नाहीतर ते दुसऱ्याला द्यावे लागतील आणि तुम्हाला काट्यावर बसवू. काटा म्हणजे कंपनीच्या दारातला वजनकाटा. बियाण्याचा ट्रॅक्टर येतो, वजन होतं, आत जातो. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, चहा जागेवर येतो, असं साहेब कौतुकाने सांगत होते, आणि दाजींच्या चेहऱ्यावर कुणी सुतकाची बातमी सांगावी तशी कळा येत होती. ऑपरेशन केलं तर गुडघा मिळेल पण प्लॉट जातील. व्यायाम केला तर प्लॉट मिळतील पण गुडघ्याचा भरवसा नाही. साहेब गेल्यावर दाजींनी ताईला गोणपाट भिजत घालायला सांगितलं.

दोन वळकट्या झाल्या. ऑपरेशनच्या वळकटीला लाल सुतळी, व्यायामाच्या वळकटीला पांढरी. ज्वारी एकाच पोत्यातली, दाणे दाजींनी चष्मा लावून स्वतः निवडलेले. दोन्ही वळकट्या माठाच्या तिवईखाली ठेवल्या आणि रोज सकाळी ओंजळभर पाणी शिंपडायचं, बिलकुल जास्त नाही, असं घरात जाहीर झालं. ताई माठातलं पाणी काढताना त्या दोघींकडे पाठ करून उभी राहायची. तिला काय वाटत होतं ते तिने कधी सांगितलं नाही. मला काय वाटत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मला तो बांधावरून उडणारा माणूस परत हवा होता, अख्खा, आणि तो ऑपरेशनशिवाय मिळणार नाही असं माझं मत होतं. म्हणून मी रोज शाळा सुटल्यावर दाजींची विचारपूस करायला जायचो, पाणी प्यायच्या निमित्ताने माठापाशी थांबायचो आणि तांब्यातलं अर्धं पाणी लाल सुतळीवर ओतायचो. जास्त पाणी म्हणजे जास्त कोंब, हा माझा हिशेब. इतिहासाच्या मास्तराला एवढीच शेती येते.

सातव्या दिवशी सकाळी दाजींनी ओट्यावर आधी पांढरी उलगडली. गोणपाटावर ताठ, पांढरेशुभ्र कोंब. मोजले, अठ्ठ्याऐंशी. मग लाल सोडली आणि घरभर आंबूस वास सुटला. दाणे फुगून, बुळबुळीत होऊन सडले होते, कोंब कसेबसे एकतीस. दाजींनी एक दाणा उचलून चिमटीत दाबला, नाकाशी नेला, तिवईखालच्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "बराबर. व्यायाम." ताई आत जाऊन देवापुढे दिवा लावून आली.  सांगावं असं मनात आलं, पण मी सडके दाणे उकिरड्यावर टाकून आलो.

मग त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्या व्यायामाला जायला लागलो. जालन्याच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे दाजी ओट्यावर उताणे झोपायचे, पाय सरळ ठेवून हातभर वर उचलायचे आणि दहा आकडे होईपर्यंत धरायचे. असं वीस वेळा. पायाला वजन बांधायचं होतं, त्यासाठी ताईने कापडी पिशवी शिवली आणि त्यात दाजींनी शेरभर ज्वारी भरली. दर सोमवारी त्यात एक मूठ वाढायची. आकडे मोजायचं काम खरं तर माझं, पण दाजी दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवत नसत. ते स्वतः मोजायचे आणि कधीही सहाच्या पुढे सरळ जायचे नाहीत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि पाय हवेतच ठेवून त्यांना काहीतरी आठवायचं. टेंभुर्णीकडच्या एका म्हातारीने भेसळीचं झाड उपटू दिलं नव्हतं, ते आपल्या नवऱ्यासारखं एकटं उभं आहे म्हणाली, मग दाजींनी ते तसंच ठेवून त्याला कापड कसं बांधलं. बदनापूरकडे एकाच दिवशी सलग तीन शेतमालकांनी पुरणपोळी खायला लावली आणि चौथ्याच्या बांधावर ते कसे झोपून गेले. मी हसत असायचो, ताई दारात तांदूळ निवडत ऐकत असायची, पाय थरथरायला लागायचा, आणि मग कधीतरी दाजी म्हणायचे, "तर मास्तर, सात."

महिन्याभराने त्या बाईंनी दाजींची मांडी तपासली आणि चकित झाल्या. इतक्या लवकर इतकी ताकद त्यांनी पाहिली नव्हती. पाय किती वेळ धरता, विचारलं. दाजी प्रामाणिकपणे म्हणाले, दहा आकडे. त्यांना कुठे माहीत, की आमच्या ओट्यावरच्या दहा आकड्यांत सहा आणि सातच्या मधे अख्खा बदनापूर तालुका बसायचा. त्या चार महिन्यांतल्या संध्याकाळी मला आज इतक्या लख्ख आठवतात, की कधी कधी वाटतं, माझ्या आयुष्यात तेवढंच काय ते घडलं. मी एका माणसाचा गुडघा बिघडवला होता, रोज त्याच्या उशाशी बसत होतो, आणि इतका सुखी मी पुढे कधीच नव्हतो.

पोळ्याच्या आधी दाजी उभे राहिले. प्लॉट त्यांचे त्यांना मिळाले. पहिल्या रविवारी मी बरोबर गेलो. सपाटीवर ते पूर्वीसारखेच चालत होते आणि मी पूर्वीसारखाच मागे होतो. मग बांध आला. दाजी थांबले. मी जवळ जाईपर्यंत त्यांनी बांधाकडेच तोंड ठेवून, माझ्याकडे न बघता, डावा हात बाजूला पुढे केला. मी तो धरला. आम्ही बांध चढलो, उतरलो, आणि त्यांनी हात सोडून पुढची ओळ धरली.  इतर दिवशी मी शाळेत असायचो, तेव्हा दाजी बांधापाशी उभे राहायचे, कुणी येईपर्यंत. कामावरच्या बायकांना ते ठाऊक झालं होतं. एखादी खुरपं टाकून यायची, हात द्यायची आणि परत जायची.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या हंगामात एका सपाट शेतात, काहीही कारण नसताना, गुडघा पुन्हा निसटला. डॉक्टर म्हणाले, आता आतली गादीही झिजलीय, रानातलं फिरणं बंद. दाजी काट्यावर बसले. खुर्ची होती, पंखा होता, चहा जागेवर येत होता. मी पहिल्या आठवड्यात भेटायला गेलो तेव्हा ते खिडकीतून ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली माती बघत होते. कुठल्या गावची माती ते मला सांगायला लागले, भोकरदनची काळी, ही घनसावंगीची, हिच्यात चुनखडी. माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, तांब्या, माठ, लाल सुतळी, सात दिवस. 

दाजींनी काट्याची खिडकी लावून घेतली. म्हणाले, "मला तिसऱ्याच दिवशी समजल्तं. फरशी ओली व्हती. तुम्ही गेल्यावर लाल वळकटी हातात घेतली तर पाणी ठिबकून राह्यलं व्हतं." मी विचारलं, मग दुसरी का नाही बांधलीत. दाजी म्हणाले, "लाल सडली तवा मला बरं वाटलं, मास्तर. लई बरं वाटलं. नऊ महिने अंथरुणात पडून दुसरा मानूस माझ्या प्लॉटात फिरून राह्यलाय, हे मला सोसलं नसतं. दोन हंगाम भेटले ना मला. ते माझेच व्हते." मग हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काही दोष न्हाई." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

मी निघताना त्यांनी परत हाक मारली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ते एकोणनव्वद. ते मी मोजलेच न्हवते. तुमच्या ताईला बघून आलो, वळकटी बांधली, आन् सोडलीच न्हाई कधी. तिला सांगू नका." मी म्हटलं, मग आठ दिवस निरोप का नाही पाठवला. "लगेच व्हय म्हनायला लाज वाटली," दाजी म्हणाले.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ती मोटारसायकल दाजींच्या एका भाच्याने दुरुस्त करून नेली. ज्वारीची पिशवी ताईने खुंटीला टांगून ठेवली होती, तिला कीड लागली तेव्हा ज्वारी पाखरांना टाकली आणि रिकामी पिशवी धुऊन परत खुंटीला लावली. ताई अकरा दाण्यांचं नाव आता काढत नाही. मीही तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती भांडायची कुणाशी, असं मला वाटतं.

यंदा माझा गुडघा गेला. रानात नाही, शाळेच्या पायरीवरून, निवृत्तीला सहा महिने असताना. दोर अर्धाच तुटलाय, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ठरवायचं काही शिल्लकच ठेवलं नाही. मी जालन्याच्या त्याच बाईंकडे जातो. त्यांचे केस पिकलेत, क्लिनिक मोठं झालंय, पायाला बांधायला वाळूच्या तयार पिशव्या आल्यात. मी उताणा झोपतो, पाय वर उचलतो आणि बाई मोजतात. पहिल्या दिवशी त्यांनी सहा म्हटलं आणि मी वाट बघत राहिलो. सात, आठ, नऊ कधी होऊन गेले ते मला कळलंच नाही. बाई म्हणाल्या, काका, पाय खाली ठेवा, झाले दहा. मी पाय खाली ठेवला. तुमच्या दाजींची मांडी मला अजून आठवते, त्या म्हणाल्या, तुम्हाला तेवढं का जमत नाही.  मी रोज जातो, मन लावून करतो, पण माझे दहा आकडे दहा सेकंदांतच संपतात.